घरी राहिलेली बॅटरी

बटण दाबलं, पण पडदा उजळला नाही. पुन्हा दाबलं, अंगठा जरा जास्त वेळ धरून. काही नाही. थंडीनं बोटं बधिर झाली असतील म्हणून हातमोजा काढला, बोटांवर फुंकर मारली आणि परत दाबलं. समोर सरोवर नेहमीसारखं करडं होतं, वारा थेट तोंडावर येत होता, कुठल्याशा जहाजानं पूल वर करा म्हणून भोंगा दिला आणि पुलानं त्याला उत्तरही दिलं. माझी विजेवरची सायकल तेवढी गप्प. मग मी वाकून तिच्या दांड्यावरचं जाड रबरी झाकण चाचपलं. ऑक्टोबर लागला की अमेरिकेच्या उत्तर टोकाच्या ह्या दुलुथमध्ये आम्ही सगळेच ते घालतो, बॅटरीला गारठा बाधू नये म्हणून. त्याखाली कडक, भरीव ठोकळा लागायला हवा होता. माझा हात आत गेला. आत पोकळी. बॅटरी स्वयंपाकघरात होती, टोस्टरच्या शेजारी, काल रात्री मीच चार्जिंगला लावलेली, आणि आत्ता हिरवा दिवा लावून आरामात बसली असणार. आणि मी, मार्लिस, वय वर्षं त्र्याहत्तर, डोंगरमाथ्यावरच्या घरापासून थेट पाण्यापर्यंत बॅटरीशिवाय उतरून आले होते आणि मला पत्ता नव्हता.

आता पत्ता नव्हता म्हणजे काय, तर त्याला कारण होतं. आमचं घर वर, गाव खाली, आणि मधे हे असले उभे रस्ते की बर्फाच्या दिवसांत पोस्टमनसुद्धा कठड्याला धरून उतरतो. खाली येताना मी बटण दाबतच नाही. उतारच आहे, तर उगाच बॅटरी कशाला जाळा? ब्रेक धरायचे आणि यायचं. गॅरेजमधून काढताना सायकल आज हलकी लागली होती, हे मला आता आठवलं. तेव्हा वाटलं होतं, वा गं मार्लिस, अंगात ताकद आली की तुझ्या! त्या शाबासकीवर मी सगळा उतार खूश होते. साठी बुद्धी नाठी म्हणतात, माझी तर सत्तरीही उलटलेली. हसू यायला हवं होतं. बेव्हनं, माझ्या मैत्रिणीनं, असं काही केलं असतं तर मी तिला ख्रिसमसपर्यंत चिडवलं असतं. पण मला हसू आलं नाही. मी हायडीला शब्द दिला होता.

हायडी माझी मुलगी. एकुलती एक, आणि बापावर गेलेली, म्हणजे बोलणार कमी आणि बघणार जास्त. माझा नवरा वेंडल गेल्यावर वर्षभरानं मी ही निळी सायकल घेतली, तेव्हा ती माझ्या दारात हाताची घडी घालून उभी होती. "आई, हे म्हातारचळ आहे," असं ती म्हणाली नाही, पण तिच्या कपाळावर स्वच्छ लिहिलेलं होतं. तोंडानं म्हणाली, "ह्या उतारावर? तुझ्या वयात?" मी म्हणाले, "ह्या उतारावर, म्हणूनच." मग तिनं मान खाली घातली आणि हळूच विचारलं, "आणि तुलाही बाबांसारखं व्हायला लागलं तर?" त्यावर मी म्हणाले, की ज्या दिवशी मी ह्या सायकलवर काही वेड्यासारखं करीन, त्या दिवशी मी स्वतः तुला फोन करीन आणि किल्ली तुझ्या हातात देईन. तावातावानं म्हणाले. तिनं मात्र तो शब्द उचलून जपून ठेवला, कारण पुन्हा कधी तिनं सायकलीचा विषय काढला नाही. फक्त रोज संध्याकाळी फोन करून विचारायची, आज काय जेवलीस, कोण भेटलं, काल काय म्हणाली होतीस ते काय होतं गं. तिला वाटायचं मला कळत नाही. परीक्षा होती ती, रोजची.

मी कठड्यापाशी बाकावर बसले. सायकल शेजारी उभी, देखणी, निरुपयोगी. ही माझी दुसरी. पहिली घडीची होती, लहान चाकांची, दिसायला सर्कशीतल्या अस्वलाची असते तशी. वेंडल आजारानं नुसता बसून असायचा त्या दिवसांत घेतलेली. त्याच्याजवळ बसायला शेजारीण यायची, तेवढा तासभर माझा. माझे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते, चढावर तर ओरडायचे. पहिल्या दिवशी मी ती घेऊन आमच्या रस्त्याच्या पायथ्याशी उभी राहिले, पायडल मारलं, आणि कुणीतरी पाठीला हात लावावा तशी ती पुढे झाली. ढकललं नाही, ओढलं नाही, नुसता पाठीला हात. लहानपणी वडील सायकल शिकवताना लावायचे तसा. मी त्या चढावर एकटीच मोठ्यानं हसले. घरात आजारी माणूस आहे, आपण हसतोय हे शोभत नाही, असंही मनात आलं, पण हसू थांबेना. माथ्यावर पोचले तेव्हा खाली अख्खं सरोवर पसरलेलं, आणि मला धाप लागलेली नव्हती. कितीतरी वर्षांनी मी ते धाप न लागता बघत होते. त्या अस्वलाच्या सायकलीनं मला तो एक हिवाळा तगवलं म्हणा ना. पुढचा हिवाळा मात्र तिला सोसला नाही. मी बॅटरी गॅरेजमध्येच राहू दिली आणि जानेवारीच्या थंडीनं ती मेली ती मेलीच. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. तेव्हापासून रोज बॅटरी काढून घरात आणायची, हा माझा नेम. आणि त्या नेमानंच आज माझा घात केला.

निळी आली आणि मग मला पाय फुटले. कुठे कुठे गेले मी! लेस्टर नदीपर्यंत, तिथून किनाऱ्यानं वर, धुरी दिलेला मासा मिळतो त्या टपरीपर्यंत. मे महिन्यात माथ्यावरच्या रस्त्यानं, जिथे बहिरी ससाणे मोजायला माणसं दुर्बिणी लावून बसतात. एकदा चढावर एका तरण्याताठ्या सायकलवाल्याला मी मागे टाकलं. घट्ट कपडे, घामाच्या धारा, दात ओठ खाऊन चढत होता बिचारा. मी मुद्दाम, अगदी चर्चमध्ये म्हणतात तशा आवाजात "गुड मॉर्निंग" म्हणाले. तो मागून ओरडला, "ही लबाडी आहे, आजी!" मी वळून म्हणाले, "सत्तर वर्षं पायी चढलेय रे बाळा, आता मला सूट आहे!" दिवसभर मला ते आठवून गुदगुल्या होत होत्या. सांगायचं कुणाला? वेंडल असता तर त्याला सांगितलं असतं. तो असता, म्हणजे आधीचा तो.

बसून चालणार नव्हतं, वारा हाडात शिरत होता. सायकल ढकलत न्यायची असं मी ठरवलं. ठरवायला काय जातं! पाण्याकाठचा सपाट रस्ता संपला, चढ सुरू झाला आणि तीच सायकल, जी मला फुलासारखी वर न्यायची, ती धोंड झाली. दोन पावलं पुढे, ब्रेक दाबून उभं राहायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा दोन पावलं. पहिल्या कोपऱ्यापर्यंत कशीबशी पोचले आणि एका दुकानाच्या भिंतीला तिला टेकवून उभी राहिले. तेवढ्यात एक मोठी गाडी थांबली. टेक्सासची नंबरपाटी, आत भलामोठा माणूस, पातळ जाकीट घातलेला, म्हणजे पाहुणाच.

"मॅडम, मदत करू का? मागे टाकतो सायकल, सोडतो घरी."

"नको नको, कशाला तुम्हाला त्रास," मी म्हणाले.

"त्रास कसला! चला."

"नाही हो, होईल माझं. थोडंच राहिलंय."

आता आमच्याकडे कुणीही शहाणा माणूस इथे तिसऱ्यांदा विचारतो, आणि मग आपण म्हणतो, बरं, तुमच्या वाटेवरच असेल तर. दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा हो, हे इथलं पोर चालायच्या आधी शिकतं. ह्या माणसाला ते कुणी शिकवलं नव्हतं. "बरं मॅडम, सांभाळून जा," म्हणाला आणि गेला की निघून! मी उघडं तोंड घेऊन त्याच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे बघत राहिले. थोडंच राहिलंय म्हणे. अख्खा डोंगर राहिला होता.

आणि तिथे, त्या भिंतीपाशी, मला साधा सरळ मार्ग सुचला. खांबाला सायकल कुलूप लावून ठेवायची. बस पकडायची. घरी जायचं, बॅटरी पिशवीत घालायची, पुढच्या बसनं खाली, बॅटरी बसवायची आणि आपली ऐटीत वर. संध्याकाळी हायडीचा फोन आला की सांगायचं, फिरून आले, वारा फार होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला कळणार होतं? खिशात सुटी नाणी होती, कुलूप होतं, बसचा थांबा समोर दिसत होता. मी कुलपाची साखळी बाहेर काढलीसुद्धा. आणि साखळी हातात घेतल्यावर मला वेंडलचा आवाज ऐकू आला, भुताखेतासारखा नव्हे, नुसता आठवणीतला, हसरा. "मलाही तेच."

वेंडल खनिजाच्या मालगाड्यांवर होता, आयुष्यभर. जेवणाच्या बाबतीत हट्टी. मासा म्हटला की नाक मुरडायचा, सरोवराकाठी जन्मून. आम्ही शुक्रवारी बाहेर जेवायला जायचो. एका शुक्रवारी मी मासा मागवला आणि तो वेट्रेसला म्हणाला, "मलाही तेच." मी चकित झाले. पुढच्या शुक्रवारी पुन्हा, "हिच्यासारखंच." मग हे चालूच राहिलं. मी त्याला म्हणायचे, म्हातारपणी बायकोची चव कळायला लागली वाटतं तुला? तो हसायचा, गोड, मान हलवून. मला तर ते प्रेम वाटलं होतं. बेव्हला मी कौतुकानं सांगितलंही. आणि तो बिचारा ते मेनूकार्ड हातात धरून बसायचा, त्याला त्यातलं अक्षर लागत नव्हतं. दोन वर्षं त्यानं न आवडणारा मासा खाल्ला आणि माझ्याकडे बघून हसला. पुढे एकदा तो हायडीकडे जायला निघाला आणि संध्याकाळी घरी परत आला. म्हणाला, जुना मित्र भेटला, कॉफी प्यायलो. तिकडे हायडी जेवण मांडून वाट बघत बसलेली. तो दुपारभर कुठल्याशा दुकानासमोर गाडी लावून बसला होता, रस्ता सापडत नव्हता म्हणून. हे आम्हाला फार उशिरा कळलं, सगळंच उशिरा कळलं. मला त्याच्या विसरण्याचा कधी राग आला नाही, खरंच सांगते. राग आला तो त्या हसण्याचा. तो त्या भीतीत एकटा होता आणि मी समोर बसून माशावर लिंबू पिळत होते. वेंडल, अरे, सांगायचंस ना रे मला.

साखळी मी परत पिशवीत टाकली. सांगितलं तर सायकल जाईल, हे मला पक्कं माहीत होतं. सायकल गेली की डोंगरावरचं घर म्हणजे नुसतं उंच कपाट. मग खालचा फ्लॅट, मग लिफ्ट, मग खिडकीतून जहाजं बघणं. सगळं एका रांगेत दिसत होतं. तरी मी फोन काढला. तिचा नंबर लावला.

"हायडी, मी बोलतेय."

"काय झालं? आत्ता कसा फोन?"

"काही लागलं नाहीये मला. खाली आहे, पुलाच्या अलीकडे. मी ना... मी बॅटरी घरी विसरले."

"म्हणजे सायकलीत नाहीच?"

"नाही."

"आणि खाली पोचेपर्यंत तुला कळलं नाही?"

"नाही कळलं. तुला शब्द दिला होता म्हणून सांगतेय."

"आलेच," ती म्हणाली.

ती आली तेव्हा माझे ओठ निळे पडले असावेत, कारण तिनं आधी आपला मफलर माझ्या गळ्यात गुंडाळला. आधी वर घरी जाऊन बॅटरी घेऊन आली होती, टॉवेलात लपेटून, चर्चच्या जेवणाला लोक गरम पातेलं आणतात तशी. मी बॅटरी बसवली आणि किल्लीनं तिचं कुलूप लावलं. खट्. पडदा लगेच उजळला. मग मी किल्ली काढली आणि तिच्यापुढे धरली. वाटलं होतं, ती म्हणेल, राहू दे गं आई. दोनदा तरी म्हणेल. तिनं घेतली. मुकाट्यानं घेतली आणि कोटाच्या खिशात टाकली. शब्द म्हणजे शब्द. मी दुसरीकडे बघितलं.

मग लक्षात आलं, की ही सायकल तिच्या एवढ्याशा गाडीत मावायची नाही. मागची सीट पाडून बघितली, पुढचं चाक काढायचा विचार करून बघितला. वारा आमची मजा बघत होता.

"मी चालवत नेते, तू मागून ये," मी म्हणाले.

"तू नाही."

"मग तू ने. मी तुझी गाडी आणते."

"मी? आई, कॉलेजनंतर मी सायकलला हात लावला नाहीये. आणि हा चढ!"

"पोरी, तिला चालवावं लागत नाही. तू नुसते पाय हलव, बाकीचं ती बघते."

ती नाराजीनं, कोट सावरत, माझं हेल्मेट डोक्यावर ठेवून बसली. पहिल्या पायडलला किंचाळली. तो पाठीवरचा हात तिला लागला होता, मला बरोबर कळलं. मी मागून गाडीचे दिवे लुकलुकवत हळूहळू निघाले. ती आधी ह्या कडेला, मग त्या कडेला, हँडल आवळून, खांदे कानांपर्यंत चढलेले. हे तिचे खांदे असेच असतात, बापाच्या आजारपणापासून. पहिला चौक गेला, दुसरा गेला. कुठल्यातरी वळणावर ते खांदे खाली आले. मी बघत होते म्हणून सांगते, नाहीतर कुणाला दिसलं नसतं. मी काच खाली केली. वाऱ्यातून तिचा आवाज येत होता. आधी वाटलं रडतेय, पण नाही, हसत होती. माझी मोठी, शहाणी, पन्नाशीला टेकलेली मुलगी उभ्या चढावर एकटी हसत होती. आमची गल्ली आली. मी वळायचा दिवा दिला. ती वळलीच नाही. सरळ पुढे, माथ्यावरच्या रस्त्याकडे, तिनं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

मी गाडी लावली आणि दारात उभी राहिले. किती वेळ, काय माहीत. एवढी कुठे गेली? तिकडचा रस्ता अरुंद, आणि लोक गाड्या कशा हाकतात! मफलर काढला, पुन्हा गुंडाळला. शेवटी ती आली, भलत्याच बाजूनं, नाक लाल, डोळ्यांतून पाणी.

"वाऱ्यानं," ती आधीच म्हणाली.

"मी कुठे काय विचारलं?"

ती सायकलीवरच बसून राहिली, एक पाय जमिनीवर. हँडलकडे बघतच म्हणाली, "आई, मी रोज फोन करते ना, ते तू काय जेवलीस ते ऐकायला नाही करत."

"माहितेय मला."

"मी वाट बघत असायचे, तू कुठे खोटं बोलतेस ते पकडायला. विसरशील ह्याची नव्हती मला भीती. विसरायचीस तर विसर. पण बाबांसारखी हसून मला फसवशील, आणि मला परत शेवटी शेवटी कळेल..." तिनं ब्रेक उगाच दाबला आणि सोडला. "आज तू फोन केलास. तू सांगितलंस गं मला."

मी तिच्या हेल्मेटवरूनच हात फिरवला, ते प्लास्टिकचं गार टोपलं, पण त्या क्षणी तेच तिचं डोकं होतं.

नाक पुसून ती म्हणाली, "सोमवारी डॉक्टरांना मात्र दाखवायचं. त्यात चालढकल नाही."

"दाखवू. मी सायकलीवर येणार पण."

"ये की. मी कुठे नाही म्हणतेय?" तिनं मागे रस्त्याकडे पाहिलं. "सोमवारपासून तुला लागेलच ती रोज. मग आत्ता मला अजून एक चक्कर मारू दे."

माझ्या हो-नाहीची वाट न बघता तिनं पायडल मारलं आणि ती सुटली. खिशात किल्ली तशीच, कोट फुगलेला. "पट्टा बांध गं हेल्मेटचा!" मी मागून ओरडले. "आणि वळणावर ब्रेक धर! हायडी! ऐकतेस का?" तिनं न वळता एक हात वर केला. एका हातानं चालवत होती, कार्टी.